पांढऱ्या कापडाचे दिवस

दुधीभोपळ्याला तोंड असतं तर त्या सकाळी त्यानं विचारलं असतं, "बाई, तुम्हाला माझ्यावाचून दुसरं कोणी नाही का?" वर्ष होत आलं, त्या घरात दुधी, बटाटा, लाल भोपळा आणि फिरून दुधी याखेरीज काही शिजलं नव्हतं. पालेभाजीला घरबंदी होती. खिडकीखालून भाजीची गाडी जायची, हिरव्यागार जुड्यांवर पाणी शिंपडलेलं असायचं, आणि मास्तरीणबाई तिकडे अशा बघायच्या, जशी एखादी बाई माहेरच्या गावाची बस दुसऱ्यांना घेऊन निघालेली बघते.

बंदी डॉक्टरांची आहे, असं मास्तरांचं म्हणणं. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शाळेतले मास्तर नव्हेत. शिंप्याच्या दुकानातले, कापड बेतणारे मास्तर. शिवणारे कारागीर पुष्कळ, बेतणारा एकच, आणि त्या एकाला दुकानात देवाच्या खालोखाल मान. मास्तरांना विचारलं असतं तर त्यांनी 'खालोखाल' तेवढं उसवून टाकायला सांगितलं असतं.

भाजी फोडणीला टाकून बाई काजं करायला बसल्या. दुकानातलं काज-बटणांचं काम घरी यायचं. सध्या मांडीवर नुसतं पांढरं होतं. डॉक्टरकीच्या कॉलेजातल्या मुलामुलींचे कोट, एकाच मापाच्या एकामागून एक पुढच्या बाजू. मागणी मोठी होती, त्यामुळे मास्तर आठवडाभर उजाडताच दुकान गाठत होते. जाताना रोज एकदा बाईंच्या कामाकडे बघून म्हणायचे, "कर, कर. भोकं पाडायलाही माणूस लागतं."

बाईंनी दोरा ओवला, दातानं तोडला, आणि दार वाजलं. ठोठावलं असं म्हणवत नाही. कोणीतरी उघड्या पंजानं धपाधपा बडवत होतं. बाहेर दुकानातला इस्त्रीवाला उभा होता. एका हातात इस्त्री धरायचं जळकं फडकं तसंच. धावत आला होता, ते टाकून यायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"वहिनी, चला," तो म्हणाला. "मास्तरांच्या हातातून कात्री पडली."

संसारात मास्तरांनी बरंच काही खाली टाकलं होतं: दिलेले शब्द, नातेवाइकांची लग्नं, घराच्या किल्ल्या, एकदा तर खुद्द स्वतःच्या मुलीला पाळण्यातून. कात्री कधी नाही. बाईंनी गॅस बंद केला, मांडीवरचं पांढरं कापड खुर्चीवर ठेवलं, आणि पायात येतील त्या चपला घालून निघाल्या. त्या दोन्ही डाव्या होत्या, हे त्यांना कोपऱ्यावर कळलं.

दुकानात सल्ल्यांचा बाजार भरला होता. मास्तर बेतायच्या टेबलाशी स्टुलावर बसवलेले. उजवा हात असा लोंबत होता की बाहीत हात आहे हे त्या बाहीलाही कळलं नसेल. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला, तिथून लाळ. एक कारागीर त्यांचे तळपाय चोळत होता, दुसरा कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं "मास्तर, मास्तर" करत होता, जणू बिघाड कानातच आहे. तिसरा म्हणत होता, हात अवघडलाय, मुंग्या उतरल्या की होईल ठीक. मालकांनी पंखा वाढवला होता. "उकाड्यानं झालंय," ते म्हणाले, "पडू द्या जरा आडवं." बोलत होते मास्तरांबद्दल, डोळे मात्र टेबलावर. तिथं पांढऱ्या कापडाचे थर एकावर एक रचलेले होते, आणि खडूच्या रेघेबरोबर सुतासारखा आलेला काप बाहीच्या मुंढ्याजवळ येऊन भलतीकडेच गेला होता. मालकांचं खरं दुःख ते होतं. माणूस वाकडा झाला तर सरळ होईल कदाचित. वाकडं कापलेलं कापड होत नाही.

"खडू," मास्तर म्हणाले. बाईंकडे बघून पुन्हा म्हणाले, "खडू. खडू." त्यांना पाणी म्हणायचं होतं, की घरी नेऊन सोड म्हणायचं होतं, कोण जाणे. शब्दांचं सगळं कपाट रिकामं होऊन एक खडू तेवढा उरला होता. बाईंनी हॉस्पिटल हा शब्द काढला मात्र, मास्तरांनी मान हलवली आणि बायकोकडे एक नजर टाकली. त्या नजरेचा अर्थ लावायला वाचा लागत नव्हती. लग्नापासून ती बाईंच्या ओळखीची होती. तुला काय कळतं.

"मला एवढं कळतं," बाई मालकांना म्हणाल्या, "की टॅक्सी तुम्ही बोलवावी, आणि आत्ता बोलवावी."

टॅक्सी हॉस्पिटलात पोचेपर्यंत मास्तरांच्या हृदयाची हकिगत सांगून घेते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मास्तर शाळकरी होते तेव्हा एकदा घसा धरला, मग ताप आला, मग गुडघे आणि घोटे आळीपाळीनं सुजले. घरातल्या शहाण्यांनी निदान केलं, वाढीचं दुखणं. मूल वाढत होतं हे खरंच होतं, त्यामुळे निदान खोडायला कोणाला जागा राहिली नाही. ताप सांध्यांतून पाहुण्यासारखा येऊन गेला, पण हृदयातल्या एका झडपेवर त्यानं कायमचं बिऱ्हाड मांडलं. झडप वर्षानुवर्षं जाड होत गेली, आकसत गेली. तिचा पत्ता लागेस्तोवर मास्तरांचे केस पिकायला लागले होते, आणि जिना चढताना मध्येच थांबून भिंतीच्या रंगाला नावं ठेवायची त्यांना सवय लागली होती. दम लागला म्हणून थांबलो, असं म्हणतील तर ते मास्तर कसले. त्यांचा दम इतका वाढला की शेवटी त्या भिंतीत नावं ठेवायला काही उरलं नाही, तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाच्या दोन खोल्यांमधलं हे दार, ते पुरतं उघडत नाही. मग मागच्या खोलीत रक्ताची गर्दी होते, खोली ताणून सैल पडते, आणि ठोका द्यायचं सोडून नुसती थरथरत राहते. थरथरणाऱ्या खोलीत रक्त कोपऱ्याला साचतं, साचलं की गोठतं. ती गुठळी सुटून वाहत वाहत डोक्यात गेली आणि तिथल्या नळीत अडकली, की मेंदूच्या तेवढ्या भागाचं रक्त बंद. अंग लुळं पडतं, वाचा जाते. दार रुंद करता येईल का, ते पुढे पाहू. तोवर गुठळी होऊच नये म्हणून रक्त पातळ ठेवायची ही गोळी, आणि ती एकही दिवस चुकवायची नाही. रक्त बरोबर पातळ आहे की नाही, त्याची तपासणी दर महिन्याला.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन निकाल दिला. या डॉक्टरांचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरता आहे. ज्याला स्वतःच्या कोटात नीट उभं राहता येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या आतल्या खोल्यांची मापं काढू नयेत.

माणसाकडे बघायची मास्तरांची हीच रीत होती. पुढ्यात आलेल्याचे गुण बघण्याआधी त्यांना त्याचा उतरता खांदा, पोक, पुढे आलेलं पोट दिसायचं, आणि दिसलं की ते त्यांच्या ओठांवर यायचं. व्याह्यांना त्यांनी लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं की तुमच्या मानेला कॉलर शोभायची नाही, मानच नाही. तयार कपडे घालणाऱ्यांना ते 'गोणपाटात भरलेले' म्हणायचे. स्वतःचा सदरा मात्र असा बसायचा की आत माणूस कसला आहे याचा कोणाला संशय येऊ नये.

गोळीचं काम बाईंनी आपल्याकडे घेतलं. संध्याकाळी जेवणं झाली की त्या मास्तरांच्या तळहातावर गोळी ठेवायच्या, पेला द्यायच्या, आणि पेला रिकामा झाल्यावरच परत न्यायच्या. चूक नाही. तरी तपासणीत रक्ताचा काही नेम राहीना. एका महिन्यात हवं तसं पातळ, दुसऱ्यात दाट. डॉक्टरांनी विचारलं, गोळी राहते का मधेच? मास्तर म्हणाले, छे. मग डॉक्टर म्हणाले, काही पालेभाज्यांनी या गोळीचा जोर कमी होतो. खाऊ नका असं नाही, पण खाल ते बेतानं, रोज साधारण सारखं खा.

मास्तरांनी बायकोकडे बोट केलं. "हिला सांगा. हिच्या हाताला माप नाही. एक दिवस माणसाचं जेवण, एक दिवस बकरीचं."

डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पदवीपर्यंत शिकलेल्या होत्या, 'बेतानं' आणि 'बंद' यांतला फरक त्यांना कळत होता. पण नवऱ्याच्या डोक्यातली गुठळी आपल्या कढईतून गेली असं कोणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी पालेभाजी समूळ बंद केली. मास्तरांनी तेवढ्यावर सोडलं नाही. आल्यागेल्याला ते बसवून सांगायचे, "मी गेलो तर पालकानं गेलो असं समजा." लोक बाईंकडे बघून हसायचे. बाई चहा ठेवायला आत जायच्या. आणि रक्त आपलं पहिल्यासारखंच, कधी पातळ, कधी दाट. दुधीनं काही फरक पडला नाही.

हॉस्पिटलात तपासायला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. अंगातला पांढरा कोट दोन्ही खांद्यांना ढगळ. एरवी मास्तरांनी त्यावर प्रवचन केलं असतं. डॉक्टरीणबाईंनी भराभर विचारायला सुरुवात केली. कधीपासून? बरोबर आलेला इस्त्रीवाला म्हणाला, आत्ताच, कात्री पडली तेव्हापासून. मग घोटाळला. म्हणजे खडू त्याच्याआधी एकदोनदा पडला होता. कारागीर हसलेही, की आज मास्तरांना झोप अनावर झालीय. मास्तरांनी त्यांना काहीतरी शिवी हासडली होती, तीही अर्धीच बाहेर आली.

"म्हणजे शिवी पुरी न येणं तुम्हाला कोणाला विचित्र वाटलं नाही," बाई म्हणाल्या.

हृदयाचं काही दुखणं? बाईंनी सगळं सांगितलं, झडप, थरथर, गोळी. डॉक्टरीणबाई थांबल्या. गोळी शेवटची कधी घेतली?

"काल संध्याकाळी. मी माझ्या हातानं दिली."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. त्यांनी समजावून सांगितलं. डोक्याचा फोटो काढून रक्तस्राव नाही असं दिसलं, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते सुरुवातीच्या थोड्याच तासांत देता येतं. त्यातही ज्याचं रक्त गोळीनं आधीच पातळ आहे, त्याला ते दिलं तर डोक्यातच रक्त सुटायची भीती. तपासायला रक्त घेतलंच आहे. पण रोज गोळी नीट चालू असेल तर फार आशा धरू नका.

म्हणजे बाईंची वर्षभराची चोख सेवाच आता मास्तरांच्या आड येणार होती. बाई भिंतीला टेकल्या. स्ट्रेचरवर मास्तर एका डोळ्यानं छताचं माप घेत पडले होते.

इस्त्रीवाल्यानं हातातल्या जळक्या फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"वहिनी," तो फरशीकडे बघत म्हणाला, "मास्तरांनी शपथ घातलीय. पण काल त्यांनी गोळी घेतलेली नाही. परवाही नाही. कोटांचं काम आल्यापासून नाही."

आणि मग ते सगळं बाहेर आलं. मागे कधीतरी बेतताना मास्तरांच्या बोटाला टाचणी लागली होती. गोळीनं पातळ झालेलं रक्त थांबेना, आणि पांढऱ्या कॉलरवर मोहरीएवढा डाग पडला. मालक गिऱ्हाइकासमोर बोलले. काय बोलले ते महत्त्वाचं नाही. मास्तरांना कोणीतरी बोललं, हेच पुरे होतं. त्या दिवसापासून मास्तरांनी नियम केला. रंगीत कापड असलं की गोळी पोटात. पांढरं असलं की गालात. पेल्यातलं पाणी प्यायचं, पेला बायकोच्या हाती द्यायचा, ती वळली की गोळी रुमालात, आणि सकाळी दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्यात. पहिल्यांदा चार दिवस गोळी चुकवली आणि काही झालं नाही, तेव्हा त्यांनी दुकानात जाहीर केलं, की डॉक्टरला रक्त कळतं, कापड कळत नाही. मला दोन्ही कळतं. दुकानाला ते पटलं. पांढरा तागा फळीवरून उतरला की कारागीर एकमेकांना सांगायचे, "आज मास्तरांच्या गोळीला सुट्टी."

बाईंच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगायला हवं, कारण त्या पुढे स्वतःच ते सांगायच्या. नवरा जगेल की नाही, हे आलं नाही. पालक आला. डोळ्यांसमोरून वर्षभराच्या हिरव्या जुड्या गाडीवरून निघून गेल्या.

"आणि हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मास्तर म्हणायचे, वहिनींना उगीच घोर नको."

"घोर नको. चांगलं आहे. मला दुधी खाऊ घातला आणि घोर टाळला." मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "मी खोटं नाही बोलले. मला जे दिसलं ते सांगितलं. पण आता यांचं ऐका. रक्त दाटच निघेल."

दाटच निघालं. डोक्याच्या फोटोत रक्तस्राव नव्हता. मास्तरांची लबाडीच मास्तरांच्या उपयोगी पडली. अशी माणसं पडताना गादीवर पडतात. इंजेक्शन दिलं गेलं. खडू पहिल्यांदा पडला तेव्हाच कोणी उठलं असतं तर जास्त गुण आला असता, एवढं डॉक्टरीणबाई बोलल्या, आणि ते ऐकायला तिथे इस्त्रीवाल्याखेरीज दुकानातलं कोणी नव्हतं. बाकीचे वाया गेलेला थर उलगडून त्यातून लहान मापाचे कोट निघतात का ते बघत होते.

मास्तर काठी टेकत घरी आले. पाय बराचसा परतला. वाचा तुटक तुटक परतली. उजवा हात आला, पण भाड्याच्या माणसासारखा. सांगितलेलं काम करायचा, तेही उशिरा आणि नाखुशीनं. चिमूट जुळेना. कात्रीचं नाव कोणी काढत नव्हतं. डोक्याचा फोटो पुन्हा काढून खातरजमा झाल्यावर डॉक्टरांनी गोळी फिरून सुरू केली.

सुंभ जळला, पीळ तसाच होता. हाताला व्यायाम द्यायला येणाऱ्या मुलीनं टेबलावर मणी मांडून उचला म्हटलं, की मास्तर तिच्या बाहीकडे बघून म्हणायचे, "मुंढा... ओढतोय." शब्द शोधायला घाम फुटायचा, पण सापडला की तो कोणाला तरी टोचणाराच सापडायचा. 'आभार' हा शब्द मेंदूच्या कुठल्या भागात असतो ठाऊक नाही. तो भाग त्यांचा बहुधा लहानपणीच गेला असावा.

नणंदबाई भेटायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "मी म्हणतच होते, त्या गोळीनंच घात केला. रक्त पातळ करायचं म्हणजे काय? माणसात उरलं काय मग?" बाईंनी त्यांना समजावून सांगितलं की घात गोळी घेतल्यानं नाही, न घेतल्यानं झाला. नणंदबाईंनी शांतपणे ऐकलं, केळं सोलून खाल्लं, आणि म्हणाल्या, "तेच ते." अशा माणसाला पुन्हा समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि वर घडा पुसत बसणं. बाईंनी दुसरं केळं पुढे केलं.

पण एक गोष्ट बाईंनी बदलली होती. त्यांनी पालकाची जुडी आणली, बेतानं केली, दुसऱ्या दिवशी तेवढीच केली. मास्तरांनी ताटाकडे बघितलं. बोलायला तोंड उघडलं. बाईंनी नुसतं बघितलं. मास्तरांनी त्या उघडलेल्या तोंडात घास घातला.

गोळीच्या बाबतीत आता फसवायचं काही कारण उरलं नाही, असं बाईंनी धरलं होतं. काप नाही, टाचणी नाही, दुकान नाही. मग मालकांचा निरोप आला, की शाळेच्या सदऱ्यांची मोठी मागणी आलीय. मास्तरांनी नुसतं बसून खडूनं रेघा दाखवल्या तरी चालेल, कापायला नवा माणूस आहे. मास्तरांनी निरोप ऐकला आणि दुपारी उशीचा अभ्रा टेबलावर पसरून डाव्या हातानं रेघा मारायला लागले. रेघा बऱ्या येत होत्या. सरळ नव्हत्या, पण कोणाच्या तरी होत्या असं वाटत होतं. अभ्रा हलू नये म्हणून त्यांनी टाचण्या लावल्या, एक बोटाला लागली, आणि अभ्र्यावर लाल ठिपका पडला. तो पाण्यानं खरवडताना बाईंनी त्यांना पाहिलं. अभ्रा पांढरा होता.

त्या संध्याकाळी गोळी देऊन बाई पेला न्यायला वळल्या आणि थबकल्या. जेवणानंतर मास्तर आमटीत काय कमी होतं ते सांगायचे. तुटक का होईना, सांगायचेच. आज काही बोलले नव्हते. मास्तर गप्प आहेत, म्हणजे तोंडात काहीतरी आहे.

"आ करा," बाई म्हणाल्या.

उजव्या गालात, हिरडीशी, गोळी होती.

"कळलं... नाही," मास्तर म्हणाले. "अडकली."

असेलही. त्या बाजूला त्यांना धड जाणवत नव्हतं. जेवणानंतर भाताची शितंही तिथं सापडायची. खरं काय ते मास्तरांना ठाऊक, आणि कदाचित त्यांनाही नसेल. पण ज्यानं वर्षभर आपलं रक्त बायकोच्या कढईच्या नावे मांडलं, त्याच्या गालाला संशयाचा फायदा कोण देणार? बाईंनी बोटानं गोळी काढली, पुन्हा पेला भरला, गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून टॉर्च आला. गोळी, पाणी, मग आ करा, जीभ वर, उजवा गाल, डावा गाल. घरात कोण बसलंय, नाही बसलंय, याचा बाईंनी विचार केला नाही. नणंदबाईंसमोर केलं. व्यायामवाल्या मुलीसमोर केलं. शेजारीण साखर मागायला आली होती, ती वाटी हातात धरून बघत राहिली.

मालक आले ते सदऱ्यांचं नक्की करायला, इस्त्रीवाल्याला बरोबर घेऊन. बसले, मास्तर म्हणजे दुकानाचा कणा वगैरे म्हणाले. तो कणा वाकडा झाला तेव्हा पंखा वाढवणारे हेच, पण असू दे. सोमवारपासून यावं, टॅक्सी पाठवतो, टाचणीला हातसुद्धा लावायचा नाही. मास्तर ताठ बसले होते. बोलायला शब्द कमी, म्हणून त्यांनी फक्त मान डोलावली, आणि ती अशी डोलावली जशी मालकांनाच नोकरीवर ठेवून घेतायत.

गोळीची वेळ झाली. बाई पेला, गोळी आणि टॉर्च घेऊन आल्या. मास्तरांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं.

"आ करा."

मास्तरांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी खिडकीकडे पाहिलं. इस्त्रीवाल्यानं आपल्या पायांकडे. मास्तरांनी तोंड उघडलं. टॉर्चच्या उजेडात दाढेतलं काळं भरण, जिभेवरचा पांढरा थर, सगळं दिसलं. जीभ वर झाली. उजवा गाल ओढला गेला. गोळी नव्हती. बाईंनी टॉर्च विझवला. मालक घाईनं उठले आणि म्हणाले, बरं आहे, येतो.

दार लागल्यावर बाई पेला विसळून आल्या. त्यांना वाटलं, आता काहीतरी बोचरं ऐकायला मिळणार, शब्द जुळवतायत. उत्तर त्यांनीही तयार ठेवलं होतं, वर्षभराचं, व्याजासकट. पण मास्तर बायकोच्या खांद्याकडे बघत नव्हते, बाहीकडे नाही. तोंडाकडे बघत होते. उजवा हात डाव्या हातानं उचलून त्यांनी मांडीवर नीट ठेवला.

"अगं," ते म्हणाले. मध्ये मध्ये थांबत, एकेक शब्द शोधून आणत म्हणाले, "पांढरं कापड... असेल... त्या दिवशी... बघ. त्या दिवशी... माझा भरवसा... धरू नकोस."

बाईंनी हातातला पेला पदरानं पुसला.

"बाकीच्या दिवशी," मास्तर म्हणाले, "तोंड... उघडायला... सांगू नकोस."